दात कानसलेला बिल्ला

न्यूजर्सीतला पहिला हिवाळा दादाराव खराड्यानं दुसऱ्याच्या कोटावर काढला. तासगावच्या अंगाचा गडी तो. त्याच्या हिशेबी थंडी म्हणजे पौषातली, शेकोटीपुढं तळवे धरले की मुकाट्यानं निघून जाणारी. इथली थंडी आली ती पाव्हण्यासारखी बसलीच. मग जुन्या कापडाच्या दुकानातनं त्यानं एक लष्करी कोट उचलला. कोटाच्या छातीवर दोन्हीकडं पंख पसरलेला चांदीचा बिल्ला होता. दादारावाला वाटलं, असंल काहीतरी बटणाच्या जातीतलं. तसाच कोट घालून बसथांब्यावर उभा राहिला, तर शेजारचा म्हातारा अमेरिकन एकाएकी ताठ झाला आणि त्यानं कडक सलाम ठोकला.

"कुठं होतास रे बाबा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तासगाव," दादारावानं खरं ते सांगितलं.

म्हाताऱ्यानं डोळे मिटून मान हलवली. "वाईट दिवस होते तिथं. ऐकून आहे मी," म्हणाला, आणि त्याला कॉफी पाजायला घेऊन गेला.

फुकटच्या कॉफीनं माणूस नादाला लागतो. हा बिल्ला कसला, कुणाचा, किती सालचा, हे शोधायला दादाराव जो निघाला तो परत फिरलाच नाही. पुढं पिस्कॅटवेजवळ व्हॉल्व्हच्या कारखान्यात चांगली नोकरी लागली, घर झालं, कांताला आणलं, मूलबाळ शाळेला जायला लागलं. पण रविवार उजाडला की ह्याची स्वारी जुन्या बाजारात. दिवाणखान्यातल्या कपाटात लोकांच्या घरी काचेची भांडी असतात, तसे ह्याच्या घरी विमानवाल्यांचे पंख. कांता म्हणायची, "घर हाय का कोंबड्यांचं खुराडं? जिकडं बघावं तिकडं पिसं!"

दादारावाची बिल्ला पारखायची रीत जगात कुठल्या पुस्तकात नव्हती. त्याचा बाप बैलबाजारातला नावाजलेला दातपारखी. बैलाचं वय शिंगात नसतं, शेपटीत नसतं, दातात असतं. ओठ वर केला की बाप बघता क्षणी सांगायचा. दुधाचे दात असले तर आदत, मग दोनदाती, चारदाती, आणि सगळे दात आले की जुळला. लेकानं हीच विद्या सातासमुद्रापार आणली. बिल्ल्याच्या तोंडाकडं तो बघायचाच नाही. अंगठ्यानं उलटा करायचा, बैलाचा जबडा उघडावा तसा, आणि मागची पिन बघायची. साधा वाकवलेला आकडा आणि त्यात अडकणारी लांब सुई, तर पहिल्या महायुद्धाच्या काळातला, म्हणजे जुळलेला. सुई निसटू नये म्हणून फिरकीची कडी असेल तर दुसऱ्या युद्धातला, चारदाती. दोन खिळे आणि त्यांवर दाबून बसवायच्या टोप्या, तर बहुधा त्याच्या नंतरचा, दोनदाती. आणि पिसांच्या रेघा बुजलेल्या, धातूवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, अस्सलपेक्षा नखभर लहान, तर अस्सलावरनं साचा काढून ओतलेली नक्कल. ती आदत. तिच्याकडं परत बघायचंसुद्धा नाही.

जुन्या बाजारातले विक्रेते त्याला लांबून बघितला की ओरडायचे, "मिस्टर डॅड! आडट ऑर जुला?" आणि मिस्टर डॅड जबडा उघडून निकाल द्यायचा.

बापानं अजून एक गोष्ट शिकवली होती. हेडे, म्हणजे गुरांचे दलाल, म्हाताऱ्या बैलाचे दात कानसून त्याला तरणा करतात. म्हणून ज्या दातावर कानस फिरलेली दिसली तो बैल खरा असो, खोटा असो, दावणीला आणायचा नाही. बिल्ल्यांनाही दादाराव हाच नियम लावायचा. आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

त्याच्या घरापासनं दोन घरं सोडून डोरथी हॅगर्टी नावाची बाई राहायची. साठी ओलांडलेली, नवरा वारलेला. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यानंतर खुब्याचं हाड मोडलं आणि ती बहिणीकडं पेनसिल्व्हेनियाला गेली. पाठीमागं तिच्या भाच्यानं गॅरेज आवरायला काढलं आणि सगळं सामान हिरवळीवर विकायला मांडलं. दादाराव चालत गेला, आणि बिस्किटाचा एक डबा काखेत मारून आला. डब्यात पंखच पंख. एकाच्या मध्ये बंदुकीची गोळी, तो विमानातल्या तोफवाल्याचा. एकात बॉम्ब, तो बॉम्ब टाकणाऱ्याचा. एकात कड्याकड्यांचा गोल, तो वाट दाखवणाऱ्याचा, ज्याला नॅव्हिगेटर म्हणतात. आणि साध्या ढालीवाले दोन वैमानिकांचे. सगळे चारदाती, एकाच वयाचे, एक नंबर जनावर.

दादारावानं रात्रीत सिद्धांत मांडला: हे सगळे एकाच माणसाचे, हॅगर्टीबाईच्या नवऱ्याचे. गडी आधी तोफवाला होता, मग बॉम्बवाला झाला, मग नॅव्हिगेटर, आणि शेवटी विमानच हातात आलं. दिवाळीला मराठी मंडळात ह्यावर त्यानं भाषण ठोकलं. 'एका शूराची चढती कमान' असा विषय. भाषण संपेपर्यंत पुऱ्या चामड्यागत झाल्या.

डब्यात आणखी एक बिल्ला होता. पिन चारदाती, पंख अस्सल, पण मधली ढाल कानशीनं घासलेली आणि तिच्यावर दुसरीच बारकी ढाल डकवलेली, वर काहीबाही कोरलेलं. दादारावानं उलटा केला, सुलटा केला, आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याचं दात कानसल्यात. बाद!"

"मग काय करू?" कांतानं विचारलं. "टाकू?"

"टाक, न्हाईतर कुणाला दे. भंगार हाय ते. त्या आदतच्या डब्यात घाल."

आदतचा डबा म्हणजे आजवर बाद केलेल्या नकलांचा. कांतानं तो डबा ध्यानात ठेवला.

संक्रांत आली. पिस्कॅटवेत हळदीकुंकू म्हणजे रथसप्तमीपर्यंत एकीच्या घरनं दुसरीच्या घरी बायकांची ये-जा, आणि प्रत्येकीकडनं वाण. गेल्या साली सगळ्यांनी एकमेकींना प्लास्टिकच्या चाळण्याच वाटल्या होत्या. प्रत्येकीच्या घरी इतक्या चाळण्या साठल्या की चाळायला पीठ पुरेना. कांताला वेगळं काहीतरी द्यायचं होतं. इथं साडीवर जाड कोट चढवायचा म्हणजे खांद्यावरचा पदर जागेवर राहत नाही, साधी पिन वाकते. तिनं आदतचा डबा उघडला, पिनवाले सगळे बिल्ले निवडले, तिळगुळाच्या पुडीवर एकेक लावला आणि वाटून टाकले. बायका खूश. पदर जागेवर बसला आणि वर चांदीची पाखरं.

दादारावाला पत्ता नव्हता. आपल्या घरात हळदीकुंकू असलं की तो तळघरात जाऊन बसायचा.

आणि मग त्याच आठवड्यात दारावरची घंटा वाजली. बहिणीकडनं परतलेली डोरथी हॅगर्टी काठी टेकत उभी.

"भाच्यानं डबा तुम्हाला दिला म्हणे," ती म्हणाली. "बाकीचे ठेवा खुशाल. फक्त एक माझा आहे, तो हवाय. मधली ढाल घासून वर छोटी ढाल बसवलेली आहे, तो."

"तुमचा? म्हणजे तुमच्या मिस्टरांचा?"

"माझा. मी उडवायचे ना. युद्धात आम्ही बायका सैन्याची विमानं इकडनं तिकडं नेऊन पोचवायचो. आमच्या पहिल्या वर्गांसाठी बिल्लाच नव्हता. मग पुरुषांचाच घेतला, मधलं घासून काढलं, आणि वर आमच्या वर्गाचा आकडा कोरून बसवला. तसे फार नाहीत. सोमवारी मी टेक्सासला जातेय, त्या वर्गातल्या मैत्रिणी जमणार आहेत. सगळ्या लावून येतील. तुमच्याकडे आहे ना तो?"

सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. पण समोर विमान चालवलेली बाई, आणि आपण म्हणजे बिल्ल्यांतला जाणकार, भाषणं ठोकणारा माणूस.

"आहे की!" दादाराव म्हणाला. "अगदी नीट ठेवलाय. रविवारच्या आत तुमच्या हातात देतो. शब्द आहे माझा."

दार लावलं आणि तो ओरडला, "कांते! तो आदतचा डबा कुठं हाय?"

"हाय की हितंच. रिकामा हाय," स्वयंपाकघरातनं आवाज आला. "तुमीच म्हनला न्हवं, कुणाला दे. दिलं वाण."

"वाण?"

"मग! बायकांच्या खांद्यावर बसल्यात समदी."

दादाराव खुर्चीत बसला. त्यानं झालेलं सांगितलं, शब्द दिल्याचंही सांगितलं. कांता पदर तोंडाला लावून हसली, मग आणखी हसली, मग भिंतीला टेकून हसली.

"हसतीस काय! कुणाला कुठला दिला?"

"मला काय ठावं? पुड्या ताटात, ताटावर रुमाल. हात घालायचा आन् द्यायचा."

"मग फोन कर अन् परत माग समद्यांकडनं."

कांताचं हसू थांबलं. "वाण परत मागू? आवं, लाज हाय का? दिलेलं वाण परत मागितलेलं कुणी ऐकलंय? मी न्हाई मागायची. शब्द तुमी दिलाय, मागा तुमी."

मग दादारावानं फोन केले. पहिला नागपूरच्या नीलावहिनींना. त्या जर्सी सिटीहून मॅनहॅटनला बँकेत जायच्या.

"काहून जी भाऊजी?" नीला म्हणाली. "माझ्या ऑफिसात सगळ्यांनी तारीफ केली ना त्या पिनची. मी विचारलं कांताला, तर म्हणते, हे म्हणतात भंगार आहे. आता भंगार परत पाहिजे तुम्हाला?"

मुंबईच्या विनीतानं तर ऐकूनच घेतलं नाही. "नो वे! त्या दिवाळीला तुमचं लेक्चर ऐकलं ना मी पूर्ण? उभं राहून! त्याची फी समजा ती."

शेवटी पुण्याची लतिका. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि निवाडा दिला. "हे पाहा भाऊजी, वाण परत घेता येत नाही. बदलता येतं. त्यासाठी पुन्हा हळदीकुंकू करावं लागेल. नवं वाण द्यावं लागेल. आणि ज्याची गरज, त्यानं नाव घ्यायचं. उखाण्यात. हा नियम आहे."

हा नियम लतिकेनं जागच्या जागी बनवला होता. पण पुण्याच्या माणसानं नियम म्हणून सांगितला की तो कुठनं आला हे विचारायची सोय नसते.

शनिवारी दुपारी खराड्यांच्या घरी दुसरं हळदीकुंकू झालं. बाहेर गुडघाभर बर्फ. बायका जरा जास्तच नटून आल्या, आणि प्रत्येकीच्या खांद्यावर पंख. वाणाला दादाराव स्वतः दुकानात जाऊन काय घेऊन आला असेल? चाळण्या.

आता खरी पंचाईत पुढंच होती. दादारावानं तो बिल्ला पाहिला होता तो बहुतेक पाठीकडनंच. तोंड कधी धड बघितलंच नव्हतं. घासलेली ढाल आठवत होती, पण लांबनं सगळे पंख सारखे. आणि बिल्ल्याची पाठ होती पदराच्या आत. तो भिंग घेऊन पुढं झाला, विनीताच्या खांद्याकडं वाकला, तशी कांता कडाडली, "भिंग खाली ठेवा आधी! परक्या बायकांच्या खांद्यावर भिंग लावतोय मानूस! गावाकडं असता तर चपला मोजल्या असत्या."

"मग बघू कसं?"

"आम्ही काढून दाखवू," लतिका म्हणाली, "पण नियम."

दादाराव मधोमध उभा राहिला. कारखान्यात तीनशे माणसांपुढं बोलणारा गडी, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चांदीच्या ताटात बिल्ल्यांच्या राशी," त्यानं सुरुवात केली, "कांताचं नाव घेतो..." आणि अडकला.

"मावशीपाशी?" विनीतानं मदत केली. बायका सतरंजीवर लोळल्या.

"हे चालायचं नाही," लतिका म्हणाली. "रीतसर पाहिजे."

दादारावानं छताकडं बघितलं, दाराकडं बघितलं, दोन घरं पलीकडची म्हातारी डोळ्यांपुढं आणली, आणि एका दमात म्हणून टाकलं,

"बापानं शिकवलं बघायला बैलाचं दात,
कांताचं नाव घेतो, आन् जोडतो दोन्ही हात!"

टाळ्या पडल्या. कांतानं मान खाली घातली. ती हसत होती का लाजत होती, हे काय कुणाला कळलं नाही. बायकांनी पिना काढल्या, ताटात ठेवल्या. दादारावानं एकेक उलटा केला. आदत. आदत. हा पण आदत. नीलाचा आदत, विनीताचा आदत. ताट संपलं, आणि घासलेली ढाल कुठंच नव्हती.

दादारावाचं तोंड उतरलं. आता म्हातारीला काय सांगायचं? नीट ठेवलाय म्हणालो होतो.

"लतिके, तुझा कुठाय?" कांतानं विचारलं.

लतिकेनं शालीच्या आतनं खांदा पुढं केला. बिल्ला तिथंच होता. तिनं तो काढलाच नव्हता. दादारावाचा हात आपोआप पुढं गेला. लतिका मागं सरली.

"मी बाईकडून घेतलेलं वाण आहे हे. बाईच्याच हातात देणार. तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात दिलं की तुम्ही पुन्हा बाद कराल."

"बरोबर बोलली," नीला म्हणाली. "बोलवा त्यांना इथंच."

"हळदीकुंकवाला?" विनीतानं आवाज खाली आणला. "पण त्यांचे मिस्टर तर..."

"माझ्या घरात कुकू कुनाला लावायचं ते मी ठरवती," कांता म्हणाली. "आवं, जावा, बोलवा."

डोरथी आली. बर्फ होता म्हणून दोन घरांसाठीसुद्धा गाडी काढून आली. कांतानं तिला खुर्चीत बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. डोरथीनं सगळं मान तिरकी करून, मजेनं करून घेतलं. मग लतिकेनं खांद्यावरचा बिल्ला काढला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. डोरथीनं तो उलटाही केला नाही. बोट नुसतं त्या बारक्या ढालीवरनं फिरवलं आणि स्वेटरला टोचला.

"नीट ठेवला होता म्हणालात," ती दादारावाला म्हणाली, "तो ह्या बाईच्या खांद्यावर?"

आता खोटं बोलण्यात काही राम नव्हता. घरातल्या सगळ्या बायका त्याच्याकडं बघत होत्या. "मी बाद केला होता तो," दादाराव म्हणाला. "घासलेला दिसला म्हणून. भंगारात टाकला. चुकलं माझं."

"तुम्ही एकटे नाही. सरकारनंही आम्हाला तीसेक वर्षं सैन्यात धरलं नव्हतं," डोरथी म्हणाली आणि तिळगुळाचा दुसरा खडा तोंडात टाकला. "हे छान आहे. बाकीचे कुठं आहेत?"

दादारावाला जरा धीर आला. त्यानं कपाटातली मखमल लावलेली फळी काढली. पाच बिल्ले, ओळीनं, खाली पुठ्ठ्यावर नाव: कॅप्टन हॅगर्टी, चढती कमान. "तुमच्या मिस्टरांचे," तो अदबीनं म्हणाला. "तोफवाल्यापासनं वैमानिकापर्यंत."

डोरथीनं पुठ्ठा वाचला. मग ती हसायला लागली, आणि काठी हातातनं सुटून पडेपर्यंत हसली.

"एका माणसाचे? अहो, हे मला मिळालेले आहेत! तेव्हा पोरं आवडत्या मुलीला आपले पंख द्यायची." तिनं एकेकावर बोट ठेवलं. "हा हॅरॉल्ड, तोफवाला. चांगला होता, पण तोंड बंद होत नसे. ह्याचं नाव रे, बॉम्बवाला. बॉम्ब म्हणे नेमका टाकायचा, कॉफीत साखर टाकताना मात्र निम्मी टेबलावर. हा लिओ, नॅव्हिगेटर. अख्खा महासागर पाठ, पण माझ्या घराचा रस्ता दर वेळी चुकायचा. शेवटी शेजारणीच्या घरात सापडला. हा वॉल्टर. ह्याच्याशी लग्न केलं."

"आणि हा?" नीलानं पाचव्याकडं बोट केलं.

डोरथीनं बिल्ला हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ह्याचं नाव आठवत नाही," ती म्हणाली. "नाच चांगला करायचा."

लतिकेनं डोळे पुसले. "भाऊजी, ही चढती कमान नाही हो. हे स्वयंवर आहे!"

"आणि त्यापायी आम्ही चामड्याच्या पुऱ्या खाल्ल्या," विनीता म्हणाली.

दादारावानं पुठ्ठा हळूच काढून खिशात घातला. पिन चारदाती ओळखली होती, वय अचूक सांगितलं होतं, त्यात एक अक्षर चुकलं नव्हतं. पण बैल कुणाच्या दावणीचा हे दातावर लिहिलेलं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "वय तर बराबर हाय न्हवं?" तो एवढंच पुटपुटला. ऐकायला कुणी नव्हतं. बायकांनी डोरथीभोवती कोंडाळं केलं होतं आणि हॅरॉल्ड नेमकं काय बोलायचा ह्याची चौकशी चालली होती.

संध्याकाळी ती निघाली. कांतानं दारापर्यंत हात धरून नेलं, एक चाळणी वाण म्हणून दिली. डोरथी गाडीत बसली, बिल्ला स्वेटरवर नीट केला, गाडी उलटी घेतली, आणि फुटपाथच्या कडेला ठेवलेली खराड्यांची कचऱ्याची पेटी बर्फात उताणी पाडून, हात हलवत, तशीच उलटी दोन घरं पलीकडं निघून गेली.

दादाराव बर्फात उतरून सांडलेल्या बटाट्याच्या साली गोळा करायला लागला.

"इमानच बरं चालवत आसंल," तो म्हणाला.

"इमानाला मागं जावं लागत न्हाई," कांता दारातनं म्हणाली. "त्या चहाच्या पुड्या ऱ्हायल्यात बघा तिकडं, झाडाखाली. आन् कोट घाला."